थोरलीचा बुद्ध्यांक, धाकट्याची परीक्षा

मुलांचा बुद्ध्यांक मोजण्यासाठी भारतभर वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एक नागपुरात तयार झाली, हे नागपूरकरांनाच फारसं ठाऊक नाही. डॉ. आर्थर जे. मॅलिन यांनी नागपूर विद्यापीठात डॉक्टरेटचं काम करताना डेव्हिड वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या अमेरिकी चाचणीला भारतीय रूप दिलं. त्यासाठी सहा वर्षं लागली. ‘मॅलिन्स इंटेलिजन्स स्केल फॉर इंडियन चिल्ड्रेन’ या नावाने ती १९६९ मध्ये पुस्तिकेच्या रूपात आली. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलाला परीक्षकासमोर एकट्याने बसवून ती घेतात. अर्धा भाग बोलण्याचा असतो: सामान्य माहिती, तोंडी हिशेब, शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य, आकडे ऐकून परत म्हणणं. उरलेला भाग हातांचा: ठोकळे जुळवणं, चित्रातलं राहून गेलेलं ओळखणं, तुकडे जोडणं, वाटा शोधणं. मुलाच्या सामाजिक परिपक्वतेची व्हाइनलँड मोजपट्टीही मॅलिन यांनीच भारतीय मुलांसाठी बसवली, आणि ती आजही नागपूरच्या नावाने ओळखली जाते.

या दोन्ही साधनांचा मोठा वापर दवाखान्यांत होतो. मूल मागे पडतंय, वाचता येत नाही, अपंगत्वाचा दाखला हवा आहे, बोर्डाच्या परीक्षेत सवलत हवी आहे, अशा वेळी पालक चाचणीपर्यंत पोहोचतात. मूल वर्गाच्या पुढे धावतंय आणि म्हणून अस्वस्थ आहे, या कारणासाठी चाचणी करून घेणारे त्या मानाने अगदी थोडे. त्या थोड्यांमध्ये मात्र एक प्रश्न हमखास येतो. मोठीचा बुद्ध्यांक चांगला निघाला, ती नवोदयला लागली किंवा शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत आली. आता धाकट्याचीही चाचणी करून घ्यायची का? केव्हा? आणि त्याचा आकडा कमी आला तर?

प्रश्न घरगुती दिसतो, पण त्यात मानसशास्त्र, कायदा, शाळांची रचना आणि घरातली वागणूक असं सगळं गुंतलेलं आहे. एका मुलाचा निकाल दुसऱ्याबद्दल नेमकं किती सांगतो, हे समजून न घेता दोघांना एकाच मापाने मोजण्याची घाई आपण करतो. ती मुलांना महागात पडते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या प्रश्नाच्या बाजू एकेक करून पाहू.

आधी आकड्यांकडे वळू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. सख्ख्या भावंडांच्या बुद्ध्यांकांत साधारण ०.५ इतका सहसंबंध आढळतो. बुशार्ड आणि मॅग्यू यांनी १९८१ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा जो एकत्रित आढावा घेतला, त्यात एकत्र वाढलेल्या भावंडांसाठी ही संख्या याच्या आसपास होती. एकसारख्या जुळ्यांसाठी ती ०.८६ आणि वेगळ्या जुळ्यांसाठी ०.६० होती. ०.५ ऐकायला बरीच वाटते, पण तिचा अर्थ लावून पाहावा. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरलं, तर रस्त्यावरच्या कोणत्याही दोन मुलांच्या बुद्ध्यांकात सरासरी १७ गुणांचा फरक पडतो आणि सख्ख्या भावंडांत १२ गुणांचा. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन मुलांमध्येसुद्धा अंतर एवढं असतं.

आता मोठीचा बुद्ध्यांक १३० आला असं समजा. त्यावरून धाकट्याचा जो सरासरी अंदाज बांधता येतो तो ११५ चा. त्याचाही १३० किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे आठांत एक. सर्वसाधारण मुलांमध्ये हीच शक्यता ४४ मध्ये एक इतकी असते. म्हणजे मोठीच्या निकालामुळे धाकट्याची शक्यता पाचपटीने वाढली, तरीही आठांपैकी सात घरांत धाकटं त्या रेषेच्या खालीच राहील. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्या घरात एक मूल असामान्य निघालं, तिथे दुसऱ्याकडे नीट लक्ष देण्याला भक्कम कारण आहे. तिथे दुसऱ्याकडून तशाच निकालाची अपेक्षा ठेवायला मात्र काहीच आधार नाही.

याला विरोध करणारे तज्ज्ञही आहेत. अमेरिकेत डेन्व्हरजवळ प्रतिभावान मुलांसाठी केंद्र चालवणाऱ्या लिंडा सिल्व्हरमन यांचा अनुभव असा, की भावंडांचे आकडे एकमेकांच्या बरेच जवळ येतात आणि दुसरं मूल बहुतेकदा नजरेतून सुटतं. त्यांच्या केंद्रात चाचणीसाठी स्वतःहून येणारी कुटुंबं सर्वसाधारण कुटुंबांपेक्षा वेगळी असणार, त्यामुळे त्यांचे आकडे सगळ्यांना लावता येणार नाहीत. दुसऱ्या मुलाबद्दलचं त्यांचं निरीक्षण मात्र आपल्याकडेही पटतं. मोठं मूल बोलकं आणि गुण मिळवणारं असेल, तर धाकटं पुष्कळदा वेगळा प्रांत निवडतं. दादा गणितात पुढे म्हणून हा चित्रं काढतो, विनोद करतो, मैदानावर असतो. घरातही मग ‘मोठा हुशार, लहान खेळकर’ अशी वाटणी होऊन बसते. काही वर्षांनी मूल स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवू लागतं. अशा मुलाच्या बाबतीत नीट घेतलेली चाचणी खरोखर उपयोगी पडते, कारण ती घरातलं ठरून गेलेलं चित्र बाजूला ठेवून मुलाकडे पाहते. मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी असेल तिथे तर हे जास्तच खरं आहे. मुलाला चाचणीला नेणारे पालक मुलीच्या वेळी ‘ती तशीही चांगलं करते’ म्हणून थांबतात.

जन्मक्रमाची चर्चा पुष्कळ होते, पण ती लवकर आटोपता येईल. नॉर्वेमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तरुणांच्या चाचण्या होतात. त्या नोंदींवरून २००७ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की थोरल्यांचा बुद्ध्यांक दुसऱ्यांपेक्षा सरासरी २.३ गुणांनी जास्त असतो. लाखोंच्या सरासरीत हा फरक दिसतो. तुमच्या घरातल्या दोन मुलांबद्दल तो काहीच सांगत नाही.

चाचणीच्या अचूकतेबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. उत्तम चाचणीतही एका मुलाच्या आकड्यात पाच-सहा गुणांची चूक दोन्ही बाजूंना धरावी लागते. दोन मुलांची तुलना केली की दोघांच्या चुका एकत्र येतात, आणि नऊ गुणांपर्यंतच्या फरकाला अर्थच उरत नाही. मोठीचा १२८ आणि लहानाचा १२१ आला, तर तो फरक आहे असं कोणत्याही परीक्षकाला खात्रीने म्हणता येणार नाही. घरात मात्र ते सात गुण वर्षानुवर्षं बोलले जातात.

त्यात दोघांची चाचणी एकच असेल याचीही खात्री नसते. एकाची मॅलिन यांची, दुसऱ्याची बिने-कामत, तिसऱ्याची वेक्स्लर चाचणीची २०१२ ची भारतीय आवृत्ती, असं सहज होतं. बिने-कामत चाचणीचा इतिहास आपल्या अगदी जवळचा आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवर काम करून ती बसवली आणि १९४० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. भारतीय मुलांना विलायती माप लावू नये या जाणिवेतून झालेलं हे फार मोलाचं काम होतं. पण आजच्या मुलाची त्या काळच्या मुलांशी तुलना केली, तर आकडा फुगतो. जगभर बुद्ध्यांक चाचण्यांतली कामगिरी दर दशकाला बुद्ध्यांकाच्या साधारण तीन गुणांनी वाढत गेल्याचं जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं आहे. १९६९ च्या मापाने काढलेला १३० आणि अलीकडच्या मापाने काढलेला ११८ यांत कोण पुढे, हे त्या दोन आकड्यांकडे बघून सांगताच येत नाही. नागपूरच्या चाचणीला नवी मापं बसवण्याचं काम नागपुरातच व्हावं, असं मला मनापासून वाटतं. मॅलिन यांनी सहा वर्षं दिली तशी चिकाटीने कोणी ती आज द्यायला हवीत.

भाषेचा प्रश्न तर नागपुरात पदोपदी येतो. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, हे इथल्या मुलांचं रोजचं जगणं आहे. मोठी मराठी शाळेत गेली आणि धाकट्याला इंग्रजी माध्यमात घातलं, अशी घरं मोजता येणार नाहीत इतकी आहेत. शब्दार्थाचा आणि साम्याचा भाग त्या दोघांना कोणत्या भाषेत विचारला, यावर दहा-बारा गुण इकडचे तिकडे होऊ शकतात. चाचणी करून घेताना पालकांनी पहिला प्रश्न भाषेचा विचारावा.

वयाचाही विचार करायला हवा. मोठीच्या यशानंतर चार-पाच वर्षांच्या धाकट्याला लगेच बसवण्याचा मोह होतो. इतक्या लहान वयातला आकडा टिकत नाही. डेव्हिड लोमन आणि कॅटरिना कोर्ब यांनी २००६ मध्ये दाखवलं, की एका वर्षी अगदी वरच्या टोकाला असलेल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं पुढच्या वर्षी त्या टोकाला नसतात. मूल बिघडलेलं नसतं; टोकाचे आकडे सरासरीकडे सरकतात आणि लहान मुलांची वाढ एका गतीने होत नाही. भूक, झोप, अनोळखी खोली, आई दाराबाहेर आहे की नाही, यानेही चार वर्षांच्या मुलाचा निकाल हलतो. दुसरी-तिसरीच्या आधी चाचणी करायची असेल, तर तिच्यामागे काही ठोस अडचण असावी. तीन वर्षांचं मूल आपलं आपण वाचायला लागलं आणि बालवाडीत रोज रडतं, ही तशी अडचण आहे. बहीण पहिली आली, ही नाही.

भावंडांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, जिची दखल फारशी कोणी घेत नाही. मोठी चाचणी देऊन घरी येते आणि सगळं सांगते. ठोकळे कसे होते, कोडं कुठे अडलं, काय विचारलं. सहा महिन्यांनी धाकटा त्याच टेबलाशी बसतो तेव्हा त्याच्यासाठी तो अनोळखी प्रसंग राहिलेला नसतो. त्याचा आकडा त्यामुळे वाढू शकतो आणि ती वाढ कशाने झाली हे कळायला मार्ग उरत नाही. परीक्षकाला आधीच सांगावं, की याच्या बहिणीची चाचणी झाली आहे आणि कोणती झाली आहे.

आता शाळांकडे येऊ. नागपुरातल्या पालकांनी गिफ्टेड म्हणजे प्रतिभावान मुलांसाठी वेगळा वर्ग कुठे आहे असं विचारलं, तर शहरात बोट दाखवायला फारशी जागा नाही. महाराष्ट्रात या कामाची सर्वांत जुनी परंपरा पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची आहे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ती स्थापन केली, १९६९ मध्ये प्रशाला सुरू झाली आणि पाचवीच्या प्रवेशासाठी बुद्धिमत्ता चाचण्या वापरल्या गेल्या. मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांची बुद्धीची रचना मांडणारी चौकट तिथल्या मानसशास्त्र संस्थेने मराठी मुलांसाठी वापरून पाहिली. बुद्धी एकच एक नसून अनेक क्षमतांचा समूह आहे असं ती चौकट मानते, आणि भावंडांच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं ठरतं. एका आकड्यात सारख्या दिसणाऱ्या दोन मुलांत एकाची ताकद शब्दांत असते, दुसऱ्याची आकृतींमध्ये. अहवालाची पहिली ओळ वाचून बाकीची पानं ठेवून देणारे पालक नेमकं हेच गमावतात.

विदर्भात जवळचं दार आहे ते नवोदय विद्यालयाचं. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालयं प्रायोगिक म्हणून उघडली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीत. नागपूर जिल्ह्याचं विद्यालय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीच्या मुलाला एकदाच परीक्षा देता येते. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण मानसिक क्षमतेचे. जागा जास्तीत जास्त ८०, आणि किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. बहीण आत आहे म्हणून भावाला सवलत नाही, आणि हे योग्यच आहे. चंद्रपूरची सैनिकी शाळा २०१९ मध्ये सुरू झाली. तिथेही सहावीला प्रवेश परीक्षाच आहे.

बहुतेक घरांना मात्र मोजमाप भेटतं ते शिष्यवृत्तीच्या परीक्षेत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या परीक्षेत ३०० पैकी १०० गुण बुद्धिमत्ता चाचणीचे असतात. नागपुरात बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानांत तिच्या मार्गदर्शिकांची थप्पी लागलेली असते. मोठीची मार्गदर्शिका धाकटा वापरतो, तिने पेन्सिलीने केलेल्या खुणा पुसून. अनेक वर्षं ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय घेतला. एका घरात मोठीने पाचवीत दिलेली परीक्षा लहान भाऊ चौथीत देणार, एक वर्ष लहान असताना. तिचे गुण त्याच्यासमोर ठेवणाऱ्या प्रत्येक घराने हे आधी लक्षात घ्यावं. शिवाय सरावाने सुधारणाऱ्या परीक्षेला बुद्ध्यांक समजू नये. तयारी, शिकवणी, शाळेतला शिक्षक आणि घरातला वेळ यांचा तिच्यात मोठा वाटा आहे.

खाजगी शाळांत पहिलीच्या प्रवेशाला धाकट्याची ‘छोटीशी टेस्ट’ घेतली जात असेल, तर पालकांना कायदा माहीत हवा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार शाळेला प्रवेशाच्या वेळी मुलाला किंवा पालकांना चाळणी लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. प्रवेश दिल्यानंतर मुलाला कशाची गरज आहे हे जाणून घेण्यासाठी शाळेने चाचणी घेतली, तर ती गोष्ट वेगळी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी मंडळं, प्रकल्प आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख केला आहे. शाळांनी तो मनावर घेतला, तर वेगळा वर्ग न काढताही पुष्कळ करता येईल.

भावंडांना प्राधान्य द्यावं का, हा वाद बाहेर जोरात झाला. दिल्लीत नर्सरी प्रवेशाच्या २०१३ च्या आदेशात १०० पैकी २० गुण भावंड त्याच शाळेत असल्याबद्दल होते. न्यूयॉर्कमध्ये चार वर्षांच्या मुलांची चाचणी घेऊन गिफ्टेड वर्गात प्रवेश देत असत, आणि पात्र ठरलेल्या भावंडांना आधी जागा मिळे. दोन मुलं दोन टोकांच्या शाळांत पोहोचवणाऱ्या आईबापांची अडचण खरी आहे. पण जागा मोजक्या असताना भावंडांना आधी घेतलं, की ज्या घरातून अजून कोणीच आत गेलेलं नाही त्या घराचं दार आणखी अरुंद होतं. न्यूयॉर्कमधली ती चाचणी २०२१ मध्ये बंद पडली. साध्या शाळेत सोयीसाठी भावंडांना एकत्र ठेवावं, निवडीच्या शाळेत प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने पाहावं, अशी विभागणी मला न्याय्य वाटते.

निवड चुकते, हेही विसरू नये. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात पंधराशेच्या वर प्रतिभावान मुलांचा अभ्यास सुरू केला आणि १९२८ पर्यंत त्यात काही भावंडांचीही भर घातली. त्याच निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं कमी पडली. पुढे दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये.

मग घरात काय करावं? धाकट्याची चाचणी त्याच्या स्वतःच्या प्रश्नासाठी करावी. तो कंटाळतो, वर्गात भांडतो, वयाच्या पुढचे प्रश्न विचारतो, किंवा बोलण्यात चमक आहे पण वहीत काहीच उतरत नाही, यातलं काही असेल तर मोठीची चाचणी झालेली असो वा नसो, त्याला न्यावं. दोघांना समान वागवायचं म्हणून चाचणी करणं मला पटत नाही. ती समानता मुलाला आकड्याच्या रूपात मिळते, आणि आकडा कमी आला तर ती अन्यायासारखी लागते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आपली तुलना होते आहे हे बरोबर कळतं. निकाल दोघांशी वेगवेगळा बोलावा, आकडा न सांगता, ‘तुला आकृत्या पटकन दिसतात, लिहायला वेळ लागतो’ अशा शब्दांत. आजी-आजोबा आणि मामा-काकांना तो सांगूच नये. आपल्याकडे असा आकडा लग्नकार्यात चारचौघांत सांगितला जातो आणि लहानगा शेजारीच उभा असतो. धाकटीचा आकडा जास्त आला तर जपायला लागतं मोठ्याला, आणि त्याच्याकडे तेव्हा कोणाचं लक्ष नसतं.

हे सगळं त्या घरांबद्दल झालं जिथे निदान एका मुलाची चाचणी होते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड जिल्ह्याने २००५ मध्ये शिक्षक आणि पालकांच्या शिफारशीची वाट न पाहता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक, शब्दांवर न विसंबणारी चाचणी घ्यायला सुरुवात केली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी त्या नोंदी तपासल्या. गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची गिफ्टेड वर्गातली संख्या झपाट्याने वाढलेली दिसली. ही मुलं आधीही तिथेच होती, त्यांचं नाव कोणी सुचवलं नव्हतं. पैशाअभावी मोहीम थांबली आणि जुनी विषमता परतली.

नागपूर जिल्ह्यात हे करणं अशक्य नाही. रामटेक, पारशिवनी, भिवापूरच्या जिल्हा परिषद शाळांत आणि महापालिकेच्या शाळांत तिसरीच्या प्रत्येक मुलाला आकृत्यांवर आधारलेली एक छोटी चाचणी द्यायला एक तास पुरतो. सूचना मराठीत, हिंदीत आणि गरज असेल तिथे गोंडीत द्याव्यात. त्यात जी मुलं वर येतील त्यांना प्रशिक्षित परीक्षकाने एकेकट्याने भेटावं, आणि त्यांची भावंडं त्याच शाळेत असतील तर त्यांनाही. वीटभट्टीवर काम करणाऱ्या घरातल्या थोरल्या मुलीची अशी ओळख पटली, तर तिच्या मागच्या भावाकडे पाहण्याचं कारण त्या शाळेला पहिल्यांदाच मिळेल.